मातीच्या भांड्यावरची काच: ग्लेझ, भट्टी आणि आपला काळा दगड

पुणे-बंगळूर महामार्गाने साताऱ्याहून कराडकडे जाताना रस्त्याकडेला हल्ली मातीच्या भांड्यांचे ठेले दिसतात. हंड्या, तवे, दह्याची गाडगी आणि त्यांच्या शेजारी निळ्या-हिरव्या चकचकीत वाट्या नि मग. भांडं हातात घेऊन माणसं साधारण तेच प्रश्न विचारतात. हे पॉलिश पोटात गेलं तर? घरातली जुनी लोणच्याची बरणी अजून ठणठणीत आहे, मग प्रदर्शनातून आणलेल्या वाटीवर वर्षभरात तडे का उमटले? आणि आपल्या गावचा कुंभार एवढा कसबी, तर तो कपबशा का करत नाही?

विक्रेता म्हणतो, "नॅचरल आहे, काही होत नाही." व्हॉट्सअॅपवर नेमकं उलटं फिरत असतं की चकाकतं ते सगळं विषारी. दोन्हींवर विसंबू नये. भांडं कोणत्या मातीचं आहे यापेक्षा ते कशाने माखलं आणि किती तापवलं यावर या तिन्ही प्रश्नांची उत्तरं अवलंबून आहेत, आणि ती समजायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही.

ही चकाकी म्हणजे नक्की काय?

कराडजवळच्या ओगलेवाडीचं नाव जुन्या पिढीला 'प्रभाकर' कंदिलामुळे ठाऊक आहे. कंदिलाची काच करायची तर वाळू, सोडा आणि चुना एकत्र वितळवतात. बरणीवरची चकाकी हीसुद्धा काचच आहे. ती वेगळी वितळवून वर ओतलेली नसते, भांड्याच्या अंगावरच वितळवलेली असते. या थराला ग्लेझ म्हणतात. रंग किंवा वार्निश वाळून बसतं. ग्लेझ वितळून, खालच्या मातीत थोडं मुरून बसतं. म्हणून ते नखाने निघत नाही.

काच मुख्यतः सिलिकाची, म्हणजे गारगोटीत आणि वाळूत असतो त्या पदार्थाची होते. शुद्ध सिलिका वितळायला सुमारे १,७०० अंश सेल्सिअस लागतात, आणि त्याच्या कितीतरी आधी भांडंच बसकण मारेल. म्हणून सिलिकात असं काही मिसळतात की ती कमी उष्णतेत वितळते. त्या पदार्थाला फ्लक्स म्हणतात. सोडा, पोटॅश, चुना, टाकणखार, फेल्डस्पार नावाचा दगड हे फ्लक्स आहेत. शिसंही फ्लक्स आहे, त्याच्याकडे पुढे येऊ.

तिसरा घटक अॅल्युमिना. तो चिकणमातीतून मिळतो. तो नसेल तर वितळलेली काच भिंतीवरून ओघळून बुडाशी जमा होते. उभ्या कपावर काच जागच्या जागी राहते ती अॅल्युमिनामुळे घट्ट झालेली असते म्हणून. ग्लेझ कुठलंही घ्या, त्याचा स्वभाव या तिघांच्या प्रमाणावर ठरतो.

लावण्याची रीत अगदी साधी आहे. दगड-मातीची ही बारीक पूड पाण्यात कालवतात आणि एकदा भाजलेलं भांडं त्यात बुडवून काढतात. भाजलेली माती पाणी शोषते, पूड अंगावर राहते. मग बूड स्वच्छ पुसून घ्यावं लागतं, नाहीतर वितळलेलं ग्लेझ भांड्याला भट्टीच्या फळीशी कायमचं जोडून टाकतं. घरातला कुठलाही कप उलटा करून बघा, बुडाशी खरखरीत, बिनचकाकीची कड दिसेल. ती पुसल्याची खूण आहे.

काही ग्लेझला बुडवणंही लागत नाही. जुन्या ड्रेनेजचे तपकिरी चकचकीत पाइप आठवतात? भट्टी पूर्ण तापली की तिच्यात मीठ टाकायचं. मिठातला सोडियम वाफेबरोबर सगळीकडे फिरतो, मातीतल्या सिलिकाला भिडतो आणि तिथेच काच होते. आपलं जेवणातलंच मीठ!

कुंभाराच्या आव्यात ग्लेझ का होत नाही?

गोवऱ्या, लाकूड, पाचट, चिपाडं रचून लावलेल्या उघड्या आव्यात उष्णता साधारण ६०० ते ९०० अंशांपर्यंत जाते. गाडगं, पणती, सुगड यांना तेवढी पुरते. नेहमीचं टिकाऊ ग्लेझ मात्र १,००० अंशांच्या वर नीट वितळतं. शिवाय आव्यात राख उडते, ज्वाळा थेट भांड्याला लागते, एका बाजूला जास्त ताप आणि दुसऱ्या बाजूला कमी. वितळलेल्या काचेला हे चालत नाही. तिला बंद भट्टी लागते, जिच्यात ताप हळूहळू चढवता येतो आणि, त्याहून महत्त्वाचं, हळूहळू उतरवता येतो.

भट्टीत मातीचं काय होतं?

वाळलेल्या भांड्यातही पाणी उरलेलं असतं. १०० अंशांच्या आसपास त्याची वाफ होते आणि पाण्याची वाफ होताना ते सोळाशे पटींहून जास्त जागा मागतं. ताप घाईने चढवला तर वाफेला बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि भांडं फुटतं. म्हणून सुरुवातीचे तास सगळ्यात सावकाश.

मग ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान खरा बदल होतो. चिकणमातीच्या कणांत पाणी रासायनिक बंधाने अडकलेलं असतं. पांढऱ्या चिनी मातीत तर ते वजनाच्या जवळजवळ १४ टक्के असतं. ते आता निघून जातं. इथून मागे वाट नाही. वाळलेली कच्ची पणती पाण्यात टाकली तर परत चिखल होतो, बेंदराचे मातीचे कच्चे बैल विहिरीत विरघळतात, पण या टप्प्यापलीकडे गेलेली माती कधीच चिखल होत नाही. जमिनीतून निघणारी हजारो वर्षांपूर्वीची खापरं म्हणूनच टिकून आहेत.

याच पट्ट्यात ५७३ अंशांना आणखी एक गोष्ट घडते. मातीतल्या गारगोटीच्या कणांची रचना बदलते आणि ते एकदम फुगतात. थंड होताना त्याच अंशाला ते एकदम आकसतात. भट्टीत सरळ चीर गेलेली ताटली निघाली तर या आकड्याजवळ घाई झाली होती का, हे कारागीर आधी बघतात.

पुढे मातीतला कचरा-मुळं जळून जातात. त्यांना पुरेशी हवा आणि वेळ मिळाला नाही तर फुटलेल्या खापराच्या कडेत मधोमध काळा पट्टा दिसतो. ९०० ते १,००० अंशांना पहिली भाजणी संपते. हिला बिस्क म्हणतात. भांडं कडक झालेलं असतं, पण सच्छिद्र. आता ग्लेझ लावून दुसरी भाजणी.

दुसऱ्या भाजणीत किती वर जायचं यावर भांड्याची जात ठरते. १,००० ते १,१०० अंशांच्या आसपास थांबलं तर ग्लेझ वितळतं पण आतली माती सच्छिद्रच राहते, हे अर्दनवेअर. १,२०० ते १,३०० अंशांना मातीतच काचेचा अंश तयार होतो, तो कणांमधल्या फटी भरतो आणि भांडं पाणी जवळजवळ शोषत नाही. हे स्टोनवेअर, आपली तपकिरी-पांढरी बरणी याच जातीची. त्याहून वर, १,२८० ते १,४०० अंशांपर्यंत, लोह नसलेली पांढरी माती, फेल्डस्पार आणि गारगोटी यांचं मिश्रण नेलं की पोर्सलेन. ते इतकं घट्ट की पातळ पेल्यातून पलीकडचा उजेड दिसतो. चीनला हे हजार वर्षांहून आधी जमलं होतं. युरोपात जर्मनीतल्या माइसेनचा पोर्सलेन कारखाना १७१० साली सुरू झाला. तोपर्यंत तिथले राजेरजवाडे चिनी पेल्यांना सोन्याच्या मोलाने जपत.

एक गोष्ट सांगायला हवी. ओल्या मातीपासून शेवटच्या भाजणीपर्यंत भांडं लांबी-रुंदीत १० ते १५ टक्के लहान होतं. हातात आलेला कप चाकावर असताना बराच मोठा होता.

किती तापलं हे बाहेरून कसं कळतं?

तापमापक आहेतच. पण नुसत्या अंशांवर ग्लेझ पिकत नाही. १,२२० अंशांवर तासभर थांबलेलं ग्लेझ आणि तिथे पोहोचताच विझवलेलं ग्लेझ वेगळं निघतं. ताप आणि वेळ दोन्ही मोजावे लागतात.

आपल्याकडच्या गुऱ्हाळावर हे रोज चालतं. गुळव्या काहिलीत अंश मोजत बसत नाही, तो रसाचा थेंब गार पाण्यात टाकतो आणि गोळी होते का बघतो. म्हणजे रसालाच विचारतो. भट्टीवाले तेच करतात. ग्लेझच्याच घटकांचे बोटाएवढे शंकू भट्टीत, झरोक्यातून दिसतील असे उभे करतात. आतल्या भांड्यांना जेवढी आच लागली तेवढीच शंकूला लागलेली असते, आणि ती पुरी झाली की शंकू मऊ होऊन वाकतो. रसायनशास्त्रज्ञ हर्मान सेगर यांनी बर्लिनमध्ये १८८६ साली हे शंकू तयार केले, पुढे अमेरिकेत एडवर्ड ऑर्टन यांनी त्यांचे शंकू तयार केले. त्यांचे क्रमांक आजही भट्टीवाल्यांची रोजची भाषा आहेत. इंग्रजीत शंकूला 'कोन' म्हणतात. "कोन सिक्स" म्हणजे साधारण १,२२० अंशांची भाजणी आणि "कोन टेन" म्हणजे १,३०० च्या जवळपास.

रंग कुठून येतात?

धातूंच्या ऑक्साइडमधून. कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा, लोखंडाचा मधासारख्या पिवळ्यापासून काळ्यापर्यंत. कथिलाचं ऑक्साइड काचेला दुधट पांढरं करतं.

हवेचा भाग इथे फार महत्त्वाचा आहे. भट्टीची हवा कोंडली की जळण पुरतं जळत नाही आणि तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनसाठी ग्लेझमधल्या ऑक्साइडवर हात टाकतो. मग हवेत हिरवं होणारं तांबं लाल होतं. एक-दोन टक्के लोह फिकट शेवाळी हिरवं होतं. आपल्या कुंभारांना हे पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे: हवा खेळती ठेवली तर मडकं तांबडं निघतं, आवा लिंपून धूर कोंडला तर तीच माती काळी होते. चीनच्या राजदरबारी हिरव्या पेल्यामागचं आणि आपल्या काळ्या मडक्यामागचं रसायन मुळात एकच आहे. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

बरणी टिकते, वाटीला तडे का जातात?

तापून थंड होताना ग्लेझही आकसतं आणि खालची मातीही. दोघांचं आकसणं जुळलं पाहिजे. ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं तर ते ताणलं जातं. काचेला दाब सोसतो, ताण सोसत नाही, म्हणून तिच्यात बारीक तड्यांचं जाळं उमटतं. भट्टी उघडल्यावर कधीकधी हे तडे जातानाची टिणटिण ऐकू येते. ग्लेझ मातीपेक्षा किंचित कमी आकसलं तर मात्र ते कायम थोड्या दाबाखाली राहतं आणि भांडं आणखी मजबूत होतं. चांगल्या कारागिराला हेच साधायचं असतं. फारच कमी आकसलं तर कडांवरून ग्लेझचे टवके उडतात.

मग वर्षभराने तडे का? कमी तापवलेली माती सच्छिद्र असते. ती हवेतली, धुण्यातली ओल हळूहळू शोषते आणि अगदी किंचित फुगते. वरची काच फुगत नाही. ताण वाढत जातो आणि एके दिवशी ती तडकते. स्टोनवेअरची माती घट्ट असल्याने ओल आत जातच नाही, म्हणून बरणी शाबूत.

चीनमध्ये सोंग राजवटीत असे तडे मुद्दाम शोभेसाठी आणत. फुलदाणीला ते छानच दिसतात. पण तडकलेल्या सच्छिद्र वाटीत ताक-आमटी ठेवली तर ती तड्यांतून आत मुरते आणि घासूनही निघत नाही. तिच्यात कोरडं सामान ठेवावं.

आणि शिसं?

ही भीती पोकळ नाही. शिसं फार सोयीचं फ्लक्स आहे. कमी उष्णतेला वितळवतं, चमक देखणी देतं, लहानसहान चुका झाकतं. ज्याच्याकडे मोठी भट्टी नाही त्याला त्याचा मोह पडावा हे समजण्यासारखं आहे. मेक्सिकोत शिशाचं ग्लेझ दिलेल्या पारंपरिक भांड्यांमुळे लोकांच्या रक्तात शिसं गेल्याचं वारंवार आढळलं आहे. नीट न पिकलेल्या ग्लेझमधून ते आंबट पदार्थात उतरतं, आणि आपलं ताटच आंबटाचं: चिंच, ताक, लिंबाचं लोणचं. मुलांच्या मेंदूला शिशाने इजा होते आणि त्याची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते.

म्हणून विकत घेताना पहिला प्रश्न: "हे किती अंशांना भाजलंय?" उत्तर १,२०० च्या पुढे असेल तर दिलासा, कारण तेवढ्या तापाला वितळवण्यासाठी शिशाची गरजच राहत नाही. विक्रेत्याला काहीच माहीत नसेल तर भांडं शोभेला न्या, जेवायला नको. दुसरं, ग्लेझच्या वर छापलेली चित्रं आणि सोनेरी कडा. त्या ग्लेझनंतर वेगळ्या, ८०० अंशांच्या आसपासच्या भाजणीत बसवतात. बोट फिरवलं तर उंचवटा लागतो. असं चित्र वाटीच्या आत असेल तर मी ती वाटी घेणार नाही.

प्रयोगशाळेत भांड्यात ४ टक्के अॅसिटिक अॅसिड २४ तास ठेवून किती शिसं उतरलं ते मोजतात. घरी लिंबाची फोड रात्रभर ग्लेझवर ठेवून बघता येईल. सकाळी तिथला रंग किंवा चमक बदलली असेल तर ग्लेझ कच्चं आहे. पण काही बदल दिसला नाही म्हणजे शिसं नाहीच, असं मात्र सिद्ध होत नाही.

मग बिनग्लेझचंच वापरू, झालं!

माठाच्या बाबतीत शंभर टक्के खरं. माठाला ग्लेझ दिलं तर तो माठच राहणार नाही. छिद्रांतून झिरपलेलं पाणी बाहेरून सुकताना उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं गार होतं. माण-खटाव, आटपाडी, जतच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ जितका गार करतो तितका तो पावसाळी पाटणमध्ये करत नाही, कारण तिथे हवाच ओली. कमी भाजणी ही माठाची गरज आहे. तव्या-हंडीचंही तसंच. सैल, सच्छिद्र माती अचानकचा ताप जास्त सोसते, घट्ट स्टोनवेअर गॅसवर ठेवलं तर तडकण्याचीच शक्यता मोठी.

पण बिनग्लेझच्या भांड्यात तेल मुरतं आणि तेच दिवसांनी खवट होतं. साबणही मुरतो. ते गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावं. आणि ठेल्यावरची प्रत्येक चमक ग्लेझ नसते. गेरू लावून दगडाने घोटलेली चमक मंद असते, तिचा त्रास नाही. ऑइल पेंट किंवा वार्निश मारलेलं भांडं मात्र तापलं की वास सोडतं. त्यात स्वयंपाक करू नये.

मायक्रोवेव्हबद्दलही विचारतात. बुडाच्या खरखरीत कडेवर पाण्याचा थेंब ठेवा. तो चटकन जिरला तर माती पाणी पिते, आणि आत शिरलेलं ते पाणी मायक्रोवेव्हमध्ये तापून भांडं आमटीपेक्षा गरम होतं.

कृष्णाकाठच्या मातीची कपबशी का होत नाही?

कारण आपला दगड. साताऱ्याचे डोंगर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे आहेत. या काळ्या दगडात, बसाल्टमध्ये, साधारण निम्मा सिलिका, दहा टक्क्यांहून जास्त लोहाचं ऑक्साइड आणि जवळपास तेवढाच चुना. तो झिजून झालेली काळी माती ओली असताना फुगते आणि वाळताना भेगाळते. मिरज-वाळव्याच्या रानात उन्हाळ्यात ते दिसतंच. म्हणून कुंभार तिच्यात वाळू, राख, लीद घालून तिला वळणावर आणतात. पण लोह आणि चुना हे स्वतःच फ्लक्स आहेत. ही माती १,१०० अंशांच्या पुढे नेली की ती मऊ पडते, बसते, शेवटी वितळते. पांढरी माती केरळ, राजस्थान, गुजरातमधून आणावी लागते.

पण जे भांडं म्हणून वितळतं, ते ग्लेझ म्हणून उपयोगी पडतं. मला हा सगळा विषय जवळचा वाटतो तो इथे. बसाल्टची बारीक पूड १,२५० अंशांना स्टोनवेअरवर गडद तपकिरी-काळी काच होते. आपल्या खडी क्रशरवर अशा भुकटीचे ढीग पडून असतात. साखर कारखान्यातली बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, राख मुख्यतः सिलिका. जावळी-पाटणकडच्या भाताच्या तुसाची राख तर बहुतेक सिलिकाच. चुलीतल्या लाकडाच्या राखेत चुना आणि पोटॅश, म्हणजे फ्लक्स. सिलिका, फ्लक्स, थोडा अॅल्युमिना: एका जिल्ह्यात, कोणाला नको असलेल्या स्वरूपात, सगळं हजर.

"मग कुंभार का करत नाहीत?" भट्टी नाही म्हणून. खादी ग्रामोद्योग आयोगाने २०१८ पासून कुंभारांना विजेवरची चाकं दिली, चांगलंच झालं. पण चाक हा आपल्या कुंभारांचा अडथळा कधीच नव्हता. १,२५० अंशांची गॅस किंवा थ्री-फेजवरची भट्टी, तिच्या फळ्या, बाहेरून येणारी माती, हा खर्च एका घराला पेलत नाही. पाच-सहा घरांत एक सामायिक भट्टी हा मला यातला सगळ्यात शहाणा मार्ग वाटतो. शिकायचं असेल तर आयोगाची ग्रामीण कुंभारकामाची संस्था खानापूरला आहे. विट्याजवळचं खानापूर नव्हे, बेळगाव जिल्ह्यातलं, मिरज-लोंढा रेल्वेमार्गावरचं.

ज्यांना स्टोनवेअरची भट्टी वापरायला मिळते त्यांनी एवढं करून बघावं. क्रशरची भुकटी ओल्या फडक्याचा नाही, चांगला मास्क लावून चाळावी, सिलिकाची धूळ फुप्फुसात साठते. लाकडाची राख धुताना हातमोजे घालावेत, तिचं पाणी त्वचा भाजतं. स्टोनवेअरच्या बिस्क केलेल्या दोन लहान वाट्यांत आतून थर द्यावा, एकीत नुसती भुकटी, दुसरीत तीन भाग भुकटीला एक भाग राख. दोन्हींखाली स्टोनवेअरच्याच मातीची, ग्लेझ न दिलेली ताटली ठेवून १,२५० अंशांना भाजावं. ताटली विसरू नये, वितळलेला बसाल्ट भट्टीच्या फळीवर उतरला तर छिन्नी-हातोड्याशिवाय निघत नाही.